शनिवारची रात्र मुखवटेवाल्यांना दिली तर कुणाचं काय जातं? (डाउनलोड २०२५)

नॉटिंगहॅमची नमू

परवा 'जुना खडक' या आयडीने इंग्लंडात डॉनिंग्टनला भरणाऱ्या डाउनलोड या रॉक-मेटल महोत्सवाच्या वेळापत्रकाखाली लिहिलं : "शुक्रवारी ग्रीन डे, रविवारी कॉर्न, ठीक. पण शनिवारी स्लीप टोकन? डॉनिंग्टन वारलं. तेराव्याचं जेवण १४ जूनला." (स्लीप टोकन म्हणजे मुखवटे घालणारा नव्या पिढीचा बँड; शनिवारची शेवटची, मुख्य वेळ, म्हणजे हेडलाइनरची जागा, त्यांना मिळालीय.) खाली टाळ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर द्यायला बसले, ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते.

काका, मुखवटा खुपतोय का? मग किसचं रंगरंगोटीचं तोंड, स्लिपनॉट, घोस्ट, हे सगळं कुठल्या विहिरीत टाकायचं? २००९ ला स्लिपनॉट डॉनिंग्टनला पहिल्यांदा हेडलाइनर झाले त्याची डीव्हीडी बघा म्हणून तुम्हीच इथे लोकांच्या मागे लागला होतात. लॅपटॉप खुपतोय? २०१२ ला शुक्रवारची शेवटची वेळ प्रॉडिजी या इलेक्ट्रॉनिक बँडची होती. त्यांच्याकडे काय तंबोरे होते? आणि "हे मेटलच नाही" म्हणणार असाल तर ग्रीन डे कधीपासून मेटल झाले तेवढं सांगा.

ग्रीन डेचा 'डूकी' १९९४ चा. कॉर्नचा पहिला अल्बम १९९४ चा. तीनपैकी दोन रात्री तुमच्या कॉलेजच्या दिवसांना दिल्यात, तरी तिसरीवरही तुमचाच सातबारा?

आणि तुमचे देव दमलेत हो. किसने २०२३ च्या डिसेंबरात दुकान आवरलं. एरोस्मिथने गेल्या ऑगस्टमध्ये दौरे कायमचे थांबवले. ड्रमर निको मॅकब्रेनने डिसेंबरात आयर्न मेडनसोबतचे दौरे सोडले. ५ जुलै २०२५ ला व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचा शेवटचा शो. अजून दहा वर्षांनी त्या मैदानावर रात्री नऊ वाजता कोण उभं राहायचं? आज कुणाला ती जागा दिलीच नाही तर उद्या आकाशातून पडणार आहेत का हेडलाइनर?

स्लीप टोकनने २०२३ ला वेम्बली अरीना भरली, वर्षभरात लंडनचीच ओटू अरीना. गेल्या महिन्यात आलेला अल्बम ब्रिटनमध्येही एक नंबरला गेला आणि अमेरिकेतही. शेवटची वेळ म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे. ज्यांच्यासाठी आज लोक तिकीट काढतात त्यांची ती.

जुना खडक

पहिलं म्हणजे मला काका म्हणू नका, आपली ओळख नाही.

दुसरं. एक नंबर, एक नंबर काय लावलंय? अल्बम घरी ऐकतात, पायजम्यात. डॉनिंग्टन म्हणजे मोटारींच्या शर्यतीचं उघडं माळरान. दिवसभर ऊन नाहीतर पाऊस खाल्लेली, पाय मोडलेली, अर्धी प्यायलेली माणसं तुमच्यासमोर असतात. त्यांना शेवटचा दीड तास उभं ठेवायला स्टेजवर माणूस लागतो. तुमचे गायक व्हेसल महाराज प्रेक्षकांशी एक शब्द बोलत नाहीत. शोला शो म्हणायचं नाही, 'रिच्युअल' म्हणायचं. आपल्याकडे याला बुवाबाजी म्हणतात.

२००८ ला मेडनने अख्ख्या जगाचा दौरा मुंबईपासून सुरू केला. बीकेसीचं मैदान, नाकातोंडात धूळ, माझ्या बाजूला एक बाप आपल्या पोराला खांद्यावर घेऊन. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत आलेला माणूस. तो "स्क्रीम फॉर मी मुंबई" ओरडला आणि मी असा ओरडलो की दुसऱ्या दिवशी ऑफिसात खाणाखुणांनी बोलत होतो. हेडलाइनर म्हणजे हा. तुमची गँग काळे झगे घालून पियानोवर हुंदके देते, मग दोन मिनिटं ब्रेकडाउनचा दणदणाट, परत हुंदके.

आणि आमच्या वेळी हे बघायला परदेशी जावं लागत नव्हतं. मुंबईत रंगभवनाच्या उघड्या नाट्यगृहात आय-रॉक हे रॉक संमेलन १९८६ पासून होतं. धोबीतलावला उतरलं की झालं. तीन-चार तास वाजवून घ्यायचं आणि सीएसटीहून शेवटची कर्जत पकडून डोंबिवली. तिकीट किती, तर पॉकेटमनीत बसेल एवढं.

बेसवाला

दोघंही शांत व्हा. या भांडणात कॉर्नबद्दल कुणी अक्षर काढत नाहीये, नेहमीसारखं.

२००६ च्या डाउनलोडला कॉर्नचा गायक जोनाथन डेव्हिस आजारी पडला. दुसरा बँड असता तर गाशा गुंडाळून गेला असता. यांनी इतर बँडांचे गायक एकेका गाण्याला उभे करून सेट पूर्ण केला, स्लिपनॉटचा कोरी टेलर त्यातलाच. त्याच शनिवारी त्यांच्यानंतर मेटॅलिका होती. तेव्हाच या माणसांना शेवटची वेळ द्यायला हवी होती, ती आत्ता २०२५ ला मिळतेय, तीही रविवारी, जेव्हा निम्मी जनता "सोमवारी ऑफिस" म्हणून तंबू उपटत असते. आणि तुम्ही भांडताय शनिवारवर.

शिवाय सात तारांची गिटार कॉर्नने नव्वदच्या दशकात लोकांच्या कानात घातली नसती तर स्लीप टोकनची ती खर्जातली घरघर आलीच नसती. नातवाने आजोबांच्या आधी ताट वाढून घेतलंय एवढंच.

जाता जाता : उघड्यावरच्या शोमध्ये साउंडवाले बेस नुसता पोटात घुमवतात, सूर ऐकूच येत नाहीत. यावर कुणी धागा काढेल का?

पुणेरी पिक

बेसवाल्यांचे सूर ऐकू येत नाहीत ही तक्रार नसून सोय आहे.

बाकी ग्रीन डेला कुणी वालीच नाही असं दिसतं. मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर पाहिले. त्यांचा गायक बिली जो पन्नाशी ओलांडलेला माणूस, आमच्या सोसायटीच्या चेअरमनपेक्षा मोठा असेल, पण एक सेकंद स्वस्थ नाही. समोरच्या प्रत्येकाला वाटत होतं हा माझ्याशीच बोलतोय. नमूताई, तुमच्या मुखवट्यांनी हे करून दाखवावं, मी मंडईत उभा राहून टाळ्या वाजवेन.

फक्त एक. शो रंगात आला आणि सगळ्यांची नजर घड्याळावर. दहा वाजले की बंद! तिथून घरी पोचतो तर आमच्या गल्लीत कुणाची तरी वरात, डीजे लावून, साडेअकराला. भारतात रॉक का रुजला नाही याचं उत्तर यात आहे.

अंजलीताई ठाणे

एरवी वाचनमात्र असते, पण हे वाचून राहवलं नाही. दहाचा नियम तुमच्या गिटारींचा सूड घ्यायला केलेला नाही. माझे सासरे हृदयविकाराचे. आमच्या मागच्या मैदानात डिसेंबर ते मे काही ना काही चालू असतं. खिडक्यांच्या काचा थरथरतात. लग्न असो, रॉक असो की जयंती, छातीला फरक कळत नाही.

जुना खडक

तुमच्यासारख्या लोकांनीच रंगभवन बंद पाडलं.

अंजलीताई ठाणे

बंद पाडलं म्हणजे काय? रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, हा २००० सालचा केंद्राचा नियम आहे. रंगभवनला लागून झेवियर्स, पलीकडे कामा हॉस्पिटल. कामात बाळंतिणी असतात हो. तुमचं तारुण्य त्यांच्या खाटेशेजारी का साजरं व्हावं?

जुना खडक

बाळंतिणी १९८६ लाही होत्या. वर्षातून दोन दिवस वाजायचं. आता त्या जागेचं काय झालं? नाटकं गेली, जॅझ यात्रा गेली, आय-रॉक गेलं. आज रंगभवन म्हटलं की लोकांना २६/११ ची ती गल्ली आठवते, आणखी काही नाही. एवढ्या मोठ्या शहरात दक्षिणेला उघड्यावर वाजवायची एक परवडणारी जागा होती, ती कुलूप लावून ठेवली. आणि आता रेसकोर्सवर जा, गेल्या महिन्यातले गन्स अँड रोझेस बघा, त्यासाठी पगार गहाण टाका.

बेसवाला

नियमाचं म्हणाल तर त्याच नियमांत सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट द्यायचा अधिकार राज्याला आहे. ते दिवस कुणाच्या वाट्याला जातात ते सांगायला नको. 'सांस्कृतिक' या शब्दात गिटारचं डिस्टॉर्शन पेडल बसत नाही.

पुणेरी पिक

पुण्यात तर पावसाळा लागला की नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव. महिना-दीड महिना, रोज संध्याकाळी. दोन ढोल असतील तर ठीक, दोनशे असतात. आम्ही मित्राच्या गॅरेजमध्ये एक छोटा अँप लावला तर खालच्या आजोबांनी पोलीस बोलावले. हेच आजोबा विसर्जनाला पथकासमोर डोळे मिटून उभे.

ध्वजधारी

पथकात आहे मी. ढोलाची तुलना असल्या केकाटण्याशी करू नका. त्यात ताल आहे, परंपरा आहे, सराव करावा लागतो.

पुणेरी पिक

आणि गिटार काय दुकानातून येतानाच वाजत येते?

ध्वजधारी

तुमच्यासारख्यांना इथलं काही चालत नाही, बाहेरचं सगळं गोड. जा ना मग इंग्लंडला.

नॉटिंगहॅमची नमू

मी इंग्लंडमध्येच आहे, ध्वजधारी, आणि इथे तिसऱ्याच विषयावर भांडण चाललेलं बघतेय. धागा माझा आहे याची आठवण असावी.

पण आता विषय निघालाच आहे तर : डॉनिंग्टनच्या मैदानाला लागून ईस्ट मिडलंड्स विमानतळ आहे आणि शेजारी गाव आहे. तिथेही म्हातारी माणसं राहतात, तिथेही तक्रारी होतात. पण मुख्य स्टेजवरचं संगीत अकराच्या आत थांबतं, आणि वर्षातले ते चार-पाच दिवस गावाने गृहीत धरलेले असतात. डाउनलोडच्या आधी तिथे 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' भरायचा. १९८८ ला त्यात मेडन हेडलाइनर असताना, त्यांच्या बऱ्याच आधी गन्स अँड रोझेस वाजवत असताना गर्दीत दोन पोरं चिरडून गेली. लाखाच्या वर माणूस होता. पुढच्या वर्षी महोत्सव झालाच नाही. पण मैदानाला कायमचं कुलूप लावलं नाही, नियम कडक केले आणि परत उभं केलं. रंगभवनाचं हे व्हायला हवं होतं, हे खडककाकांचं रडगाणं मला शंभर टक्के पटतं. त्यांचं बाकीचं काही पटत नाही.

पिक, बिली जोचं मान्य. तो हात धरून लोकांना स्टेजवर ओढतो, व्हेसल पाठ फिरवून उभा राहतो. पण गप्पा मारल्या म्हणजेच पकड येते हे कुणी ठरवलं? माझी लेक सोळाची. दोन वर्षं शाळेत हिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, हीही कुणाशी नाही. हे झगेवाले हिने स्वतः शोधून काढले. ओटूला तिच्या शेजारी उभी होते. वीस हजार माणसं आणि पियानोच्या वेळी कुणाच्या खोकल्याचाही आवाज नाही. लेक ढसाढसा रडत होती आणि तिच्या शेजारची अनोळखी मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला त्या संगीतातलं निम्मं कळत नाही, खरं सांगते. पण तुम्ही बीकेसीत ओरडलात आणि ही ओटूत रडली, यात तुमचं जास्त अस्सल कसं?

जुना खडक

लेकीला मधे आणलंत की आमची बोलती बंद, चांगली युक्ती आहे.

अनुभव तिचा खरा असेल. पण वीस हजार माणसं छपराखाली, अंधारात, स्वतःहून फक्त यांच्यासाठी आलेली. डॉनिंग्टनला त्याच्या कितीतरी पट माणसं उघड्यावर, त्यातली निम्मी दुसऱ्याच कुणासाठी आलेली, आणि जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. झगा आणि धूर उजेडात कसा दिसतो ते शनिवारी कळेल. गेल्या वर्षीसारखा चिखल झाला तर महाराजांचा झगा कोण धरणार?

आणि तो मागचा कोरस, तंतुवाद्यं, सगळं टेपवर. बोला.

नॉटिंगहॅमची नमू

तंतुवाद्यं ट्रॅकवर असतात, बरोबर. कोरसला मात्र दौऱ्यात तीन बायका प्रत्यक्ष गातात, एस्पेरा नावाने. टीका करण्याआधी एक व्हिडिओ तरी अख्खा बघा.

जुना खडक

काल रात्री बघितला. बायकोने विचारलं हे कसलं अंत्यविधीचं लावलंय.

तो 'टू' नावाचा ड्रमर चांगला आहे. चांगला म्हणजे फारच चांगला आहे. हात कुठे, पाय कुठे, हाय-हॅटवर काय चाललंय, दोनदा मागे घेऊन बघितलं. बाकी तिघांनी बाजूला होऊन त्याला एकट्याला दीड तास द्यावा, मी तेरावं रद्द करतो.

बेसवाला

शेवटी ड्रमरच. बेसिस्ट बँडमध्ये आहे हे तरी कुणाच्या लक्षात आलं का? त्याचं नाव 'थ्री' आहे. नंबरातसुद्धा तिसरा.

अंजलीताई ठाणे

नमू, तुझ्या लेकीला माझ्याकडून शाबासकी. सासऱ्यांना तिचा तो पियानोवाला भाग हळू आवाजात ऐकवला, आवडला. पुढे जे सुरू झालं त्यावर घाईघाईने बंद केला.

ध्वजधारी

माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

पुणेरी पिक

तुम्ही प्रश्न विचारलेला नाही, इंग्लंडला जायला सांगितलंत. नुसत्या व्हिसाचेच केवढे पैसे होतात, पथकाच्या वर्गणीतून द्याल का?

संपादक मंडळ

ध्वनिप्रदूषण, ढोल-पथके आणि रंगभवन यांवरील चर्चा स्वतंत्र धाग्यावर हलवत आहोत. इथे फक्त डाउनलोडबद्दल लिहावे. वैयक्तिक शेरे टाळावेत.

पुणेरी पिक

नव्या धाग्यावर जाऊन आलो. पहिलाच प्रतिसाद खडकसाहेबांचा आहे, विषय : कॉर्नला शनिवार का द्यायला हवा होता.