माळकरी वडील, बी-१२ फक्त ११२. नुसत्या आहाराने भरून निघेल का?

सुनंदा, तासगाव

नमस्कार. माझे वडील, अण्णा, वय ६८. पंचवीस वर्षं गळ्यात माळ आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. नऊ वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. पायाला मुंग्या येतात असं दोन वर्षं सांगत होते, आम्ही ते शुगरवर ढकललं. गेल्या महिन्यात बांधावरून येताना एका पायातली चप्पल निसटली, ते घरी येईपर्यंत त्यांना कळलंच नाही. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, भिंत धरावी लागते. तेव्हा तपासणी केली. बी-१२ आलं ११२, हिमोग्लोबिन मात्र १२.९. अशक्तपणा वाटतो म्हणून ते मेडिकलमधून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणून सहा महिने घेत होते.

डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिलीत. अण्णा म्हणतात, "ही सुई कलेजीपासून करतात, मला चालणार नाही." रक्त चांगलं आहे तर सुईची घाई कशाला, असंही म्हणतात. खाण्यातून भागेल का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

रानमळा

ताई, माझ्या आईला मोड आलेली मटकी आणि स्पिरुलिना सुरू केली होती, तिला हुशारी वाटली. अण्णांनाही देऊन बघा.

निवृत्त लॅबवाला, पुणे

सुनंदाताई, मी ३१ वर्षं रक्त तपासण्याचं काम केलं. आधी महत्त्वाचं सांगतो: सुई लांबवू नका. चप्पल निसटलेली न कळणं आणि डोळे मिटल्यावर तोल जाणं म्हणजे पायाकडून मेंदूला निरोप नेणाऱ्या नसा दुखावल्या आहेत. या नसांवरचं आवरण धड राहायला बी-१२ लागतं. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येतंच असं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत आम्ही दीड वर्ष घालवलं. तिचं रक्त सुधारलं, पण पावलांचा बधिरपणा शेवटपर्यंत राहिला.

मटकी खायला उत्तमच, पण तिच्यात बी-१२ नसतं. कुठलीच वनस्पती ते तयार करत नाही, ते काम जिवाणूंचं. स्पिरुलिनात जे असतं ते बरंचसं बी-१२ सारखं दिसणारं द्रव्य आहे, आपल्या शरीराला त्याचा उपयोग नाही. माळकऱ्याला उरतं ते दूध, दही, ताक, पनीर. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं आणि रोजची गरज दोनच्या थोडी वर आहे. तुमच्याकडेही दूध डेअरीला जाऊन घरात चहापुरतंच उरतं का, ते बघा. आतडं एका वेळी थोडंच शोषतं, म्हणून सकाळी एक पेला आणि रात्री एक, असं द्या. पण रिकामी झालेली कणगी एवढ्याने भरत नाही. यकृतात याचा काही वर्षांचा साठा असतो, तो संपत आल्यावर त्रास दिसू लागतो. त्यात मेटफॉर्मिनने शोषण आणखी घटतं. मात्र ती गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आता कलेजीचं. अण्णांची शंका हवेतली नाही. १९२६ साली बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी पर्निशस अ‍ॅनिमियाच्या, म्हणजे बी-१२ अंगी न लागल्याने रक्त आटणाऱ्या, रोग्यांना रोज भरपूर कलेजी खायला घालून वाचवलं, आणि पुढे बरीच वर्षं कलेजीच्या अर्काचीच सुई देत. १९४८ मध्ये त्यातलं लाल द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आलं, तेच बी-१२. आज ते टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून काढतात, जनावराशी त्याचा संबंध उरलेला नाही. हे अण्णांना शांतपणे सांगा. कॅप्सूलचं कवच मात्र बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे हाडा-कातड्याचं असतं. पुढे गोळ्या लिहून दिल्या तर साधी गोळी मागा.

हिमोग्लोबिन चांगलं दिसतं त्याला कारण त्या फॉलिकच्या गोळ्या असण्याची दाट शक्यता आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का आटतं ते त्या शोधत होत्या. यीस्टपासून केलेल्या मार्माइटने त्या बायका सुधारल्या. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलेट, हे नंतर कळलं. फॉलेट कमी असो की बी-१२, काचपट्टीवर चित्र एकच दिसतं: तांबड्या पेशी फुगलेल्या, पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या. फॉलिक दिलं की हे चित्र सुधारतं, पण बी-१२ अभावी नसा झिजतच राहतात. तशा सुधारलेल्या पट्ट्या पाहून मी "ठीक" म्हणून रिपोर्ट पुढे दिलेले आहेत. त्याची आजही रुखरुख वाटते.

आणि घरातल्या बाकीच्यांचंही तपासा, चूल एकच आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. याज्ञिकांच्या चमूने गरोदर बायकांचं रक्त तपासलं तेव्हा निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ कमी निघालं होतं.

रानमळा

मटकीचं चुकीचं सांगितलं गेलं, माफ करा. आईचंही या आठवड्यात तपासून घेते.

सुनंदा, तासगाव

काका, तुमचं सगळं अण्णांना वाचून दाखवलं. टाकीतल्या जिवाणूंचं दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाले, "दह्याच्या विरजणासारखंच की." काल पहिली सुई झाली. फॉलिकचं डॉक्टरांना सांगितलं, पुढचं तेच ठरवणार आहेत. सकाळचं एक लिटर दूध आता डेअरीला जात नाही. आईचं रक्तही दिलंय, तिच्या जिभेची आग होते हे तिने काल पहिल्यांदा सांगितलं. रिपोर्ट सोमवारी येईल, आला की इथेच लिहिते.