हार्ड क्रोमला पर्याय हवाय, शुक्रवारच्या आत

शिरोलीकर:
रॉडला हार्ड क्रोमऐवजी (क्रोमियमचा कडक मुलामा) काय करता येईल? पार्टी म्हणते क्रोम बंद करा. शुक्रवारी कोटेशन द्यायचंय. कोण करतं, काय भाव पडतो, तेवढं सांगा.

टर्नर_भोसरी:
कसला रॉड? मटेरियल, व्यास, लांबी? असा भाव कोण सांगणार?

शिरोलीकर:
हायड्रॉलिक सिलिंडरचा, अजून कसला! ईएन ८ स्टील, ४० मिमी व्यास, ६०० मिमी लांब, २५ मायक्रॉन क्रोम. माल जर्मनीला जातो.

स्प्रेवाला:
डोळे झाकून एचव्हीओएफ, म्हणजे गरम वायूच्या झोताने प्रचंड वेगात मारलेला टंगस्टन कार्बाइडचा थर. हार्डनेस ११०० विकर्सच्या आसपास मिळतं. विमानांच्या लँडिंग गिअरला हेच करतात.

टर्नर_भोसरी:
आणि ग्राइंडिंगला डायमंड व्हील लागतं ते कोण सांगणार? आमच्याकडे असा रॉड आला होता. नखाला गुळगुळीत लागत होता, दोन महिन्यांत सील खाल्लं. सीलचा ओठ करवतीसारखा झालेला. सुपरफिनिश, म्हणजे शेवटचं बारीक पॉलिश, केलंच नव्हतं. ४० च्या रॉडला हा खर्च झेपणार नाही. सॉल्ट बाथ नायट्रायडिंग करा, वितळलेल्या क्षारात बुडवून पृष्ठभाग कडक करतात ते.

नवखा७७:
ट्रायव्हॅलंट क्रोम (कमी विषारी रसायनातून चढवतात ते) करा की. आमच्या नळांना तेच असतं.

टर्नर_भोसरी:
नळावरचा थर एक मायक्रॉनही नसतो हो. इथे २५ हवेत.

जुना_प्लेटर:
मी १४ वर्षं क्रोमच्या टाकीवर काढली. त्या पिवळ्या वाफेने माझ्या नाकाचा पडदा आरपार गेला. रॉडवर बसलेलं क्रोम धातू आहे, त्याने काही होत नाही. विष टाकीत असतं. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड (टाकीतलं हेक्झाव्हॅलंट, म्हणजे विषारी क्रोम) परवानगीशिवाय वापरता येत नाही. पार्टीने नेमकं काय लिहिलंय ते बघा. आणि पर्याय काहीही निवडा, पण टाकीवरच्या पोरांना आज मास्क द्या, टाकीला एक्झॉस्ट लावा.

शिरोलीकर:
'हेक्झाव्हॅलंटची प्रक्रियाच नको' असं लिहिलंय. प्लेटिंग बाहेरून करून घेतो, पण मास्क-एक्झॉस्टचं त्या प्लेटिंगवाल्यांकडे जाऊन बघतो. मग नायट्रायडिंग फायनल करू?

मेटलर्जी_काका:
थांबा. रॉड इंडक्शन हार्डन (विजेने तापवून पृष्ठभाग कडक केलेला) आहे का?

शिरोलीकर:
आहेच ना, सगळेच करतात.

मेटलर्जी_काका:
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! नायट्रायडिंगचा बाथ ५७०-५८० अंशांना असतो, इंडक्शनची हार्डनेस उतरून जाईल. इंडक्शन न करता नायट्रायडिंग चालतं, पण कडक थर पातळ. दगड लागला की खड्डा. सिलिंडर बसतो कशावर?

शिरोलीकर:
ट्रॅक्टरच्या लोडरवर.

मेटलर्जी_काका:
मग दगड लागणारच. कोटेशन थांबवा. इंडक्शनशिवाय दोन रॉड नायट्रायडिंग करून लोडरवर चालवून बघा.

शिरोलीकर:
पार्टीकडून मुदत मागून घेतो. कोल्हापूर-सांगलीकडे सॉल्ट बाथ कोणाकडे आहे?