पार्किंग व चार्जिंग ग्रुप (फक्त कामाचे मेसेज)

बी-६०३: नमस्कार मंडळी. गणपती करून आज गावाहून आलो. इलेक्ट्रिक गाडी लावून गेलो तेव्हा बॅटरी ८१ टक्के होती, आता रिमोटने लॉकसुद्धा उघडत नाही. माझ्या पॉइंटचा एमसीबी पुन्हा कोणीतरी पाडलाय. मागच्या वेळी कोणी पाडला ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाव घेत नाही.

ए-१०४: एजीएमचा ठराव: रात्री ११ नंतर चार्जिंग पॉइंट बंद.

सी-२०१: घ्या, नाव न घेताच उत्तर आलं 😄

डी-४०२: दादा, बहुतेक एमसीबीचा संबंध नाही. १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली असणार. मोठीत ८० च्या आसपास असेलच, पण लॉक, स्क्रीन आणि मोठीला जोडणारे काँटॅक्टर (मोठे स्विच) छोटीवर चालतात.

बी-६०३: मोठी छोटीला भरत नाही का? एवढे लाख घातले.

डी-४०२: भरते, डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून, म्हणजे मोठीचा व्होल्टेज छोटीला झेपेल एवढा उतरवून. गाडी चालू असताना. उभी असताना काही मॉडेल अधूनमधून जागी होऊन भरतात, सगळी नाही. तुमचा डॅशकॅम पार्किंग मोडवर आहे ना? पाव अँपिअर धरा. २४ तासांत ६ अँपिअर-अवर गेले. ३५ ची बॅटरी सहा दिवसांत आडवी.

सी-५०२: आणि आरतीच्या वेळी पण ॲप उघडून टक्के बघत होते म्हणे 🙈 वहिनींनीच सांगितलं.

बी-६०३: ताई, ग्रुपचं नाव वाचा.

डी-४०२: चेष्टा नाही, तेही कारण आहे. ॲप रिफ्रेश केलं की बऱ्याच गाड्या जाग्या होतात आणि लगेच झोपत नाहीत. जागी गाडी २०० वॅट खात असेल तर दिवसाला ४.८ युनिट. ३० युनिटच्या पॅकचे १६ टक्के. पॅक नुसता पडून राहिला तर महिन्याला दोन-तीन टक्क्यांवर जात नाही.

ए-१०४: पुन्हा सांगतो. रात्री ११ नंतर पॉइंट बंद. ठराव वाचावा.

सी-००३: आमची रोज रात्री २-३ टक्के उतरते. डॅशकॅम नाही.

डी-४०२: काकू, किल्ली पार्किंगच्या भिंतीवरच्या खुंटीला असते ना? ती जवळ असली की काही गाड्या झोपतच नाहीत. आतल्या खोलीत स्टीलच्या डब्यात ठेवून बघा. तरी उतरली तर एकदा १०० पर्यंत भरा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे टक्क्यांचा हिशेब चुकतो.

सी-२०१: दादा, माझी पेट्रोल गाडी लावून जंप देऊ?

डी-४०२: चालेल, मॅन्युअल बघून. लाल प्लसला, काळी चॅसिसच्या बोल्टला. उलटं मात्र कधी नको, ईव्हीवरून पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरवायचा नाही, छोट्या बॅटरीला तेवढा करंट झेपत नाही. बी-६०३, रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, तिने ड्रायव्हरचं दार उघडा. 'रेडी' आलं की तासभर चालू ठेवा. मग बंद करून चार-पाच तासांनी छोटीचा व्होल्टेज मोजा. १२.६ म्हणजे ठीक. १२ च्या खाली आली तर नवी घ्या, रिकामी पडून राहिलेल्या लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेट बसतं.

बी-६०३: आणि दिवाळीत जाताना?

डी-४०२: पॅक ५०-६० वर ठेवा. डॅशकॅमचा कटऑफ १२.२ व्होल्टला लावा, नाहीतर प्लगच काढा. पंधरा दिवसांवर जाणार असाल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर १० च्या पान्याने छोटीचं मायनस टर्मिनल सोडा. त्याआधी डिकीतलं सामान काढा, काहींची डिकी नंतर उघडत नाही.

ए-१०४: एमसीबी मी पाडला नव्हता. ठरावाप्रमाणे बंद केला होता.

सेक्रेटरी: काका, तो विषय रविवारी मीटिंगला. कृपया.

डी-४०२: मी ९ वाजता क्लॅम्प मीटर (तारेतला करंट मोजणारा) घेऊन खाली येतो. लॉक केल्यावर अर्ध्या तासाने छोटीच्या मायनस केबलवर ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर काहीतरी जागं आहे. सी-५०२, तुमची स्कूटर गाडीच्या नाकाला लावलीय, बॉनेट उघडणार नाही.

सी-५०२: ती ए-१०४ ची आहे.