मदत हवी आहे: डायलिसिस चालू असतानाच समुपदेशन कसं करावं?

आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी साधारण 4 तास डायलिसिस घेणाऱ्यांसाठी सीबीटी पद्धतीचं (विचार आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलायला शिकवणारं) समुपदेशन त्याच वेळात बसवायचं आहे. वेगळ्या दिवशी बोलावलं तर दमलेला माणूस येणार कसा?

मशीन सुरळीत लागल्यावर पहिल्या दोन तासांत 30-40 मिनिटं, असा विचार आहे. शेवटी शेवटी बीपी पडतं, पायात गोळे येतात; तेव्हा बोलणं पुढे सरकत नाही.

पीएचक्यू-9 या नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता धरतात. पण थकवा, झोप, भूक यांचे गुण किडनीच्या आजारामुळेही चढतात. म्हणून पहिले दोन प्रश्न (रस न वाटणं, उदासी) वेगळे बघायचे. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराचा; तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, शिवाय घरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर.

अडतंय ते इथे:

शेजारची खुर्ची चार फुटांवर. पडदा ओढला तरी आवाज जातो, मग सून, पैसे, लैंगिक अडचणी हे विषय निघतच नाहीत. काय करता?

फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात जोडून घेतलेली रक्तवाहिनी) लिहित्या हाताला असेल तर विचारांची नोंद कशी ठेवायची? मोबाइलवर बोलून?

'आपोआप येणारे विचार' हा सीबीटीतला शब्द फारच पुस्तकी वाटतो. 'मी घरावर ओझं झालोय' हे सत्य नसून मनात आलेला विचार आहे, हे गावाकडच्या आजोबांना कोणत्या शब्दांत सांगता?