मदत हवी आहे: क्रियापदांचा तक्ता भिंतीवरून हटवल्यावरही मुलांनी इंग्रजीत पाककृती नीट लिहावी, यासाठी काय करावे?

मराठी माध्यमाच्या सातवीच्या 38 विद्यार्थ्यांना मी इंग्रजीतून कृती वाचायला व लिहायला शिकवत आहे. सध्या लिंबू सरबताची कृती चालू आहे. वाचनात अडचण नाही: वाक्यांच्या विस्कटलेल्या पट्ट्या मुले योग्य क्रमाने लावतात आणि ‘स्क्वीझ’, ‘स्टर’ म्हटले की तसा अभिनयही करतात. लिहिताना मात्र मनात ‘लिंबू कापावे’ असल्यामुळे ‘लेमन कट’ असे कर्म आधी येते. हुशार मुले ‘द लेमन शुड बी कट’ लिहितात, जे व्याकरणाने चुकीचे नसले तरी इंग्रजी पाककृतीत सहसा आढळत नाही.

क्रियापदांचा तक्ता भिंतीवर लावला, गाळलेल्या जागा भरून घेतल्या. तक्ता समोर असेपर्यंत सारे ठीक, तो काढला की पुन्हा तेच. शिवाय पहिल्यांदा ‘अ लेमन’ आणि नंतर ‘द लेमन’ का, हे मराठीत अशी उपपदेच नसल्यामुळे मला उदाहरणांनीही पटवता आलेले नाही. (प्रत्येक वाक्यात येणारे ‘देन’ मी तूर्त खपवून घेते.)

तासिका 35 मिनिटांची आहे, प्रोजेक्टर नाही, वर्गात गॅस पेटवता येत नाही. व्याकरणाच्या संज्ञा शक्यतो टाळायच्या आहेत.

तक्त्याचा आधार कोणत्या टप्प्यांनी कमी करावा, म्हणजे क्रियापदापासून सुरुवात करण्याची सवय टिकेल? आणि उपपदे त्याच वेळी शिकवावीत की दुसऱ्या कृतीसाठी राखून ठेवावीत?