चादरीची नक्कल ती चोरी, मग सॉफ्टवेअरची?

पूर्वभागकर:
सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरी दुसरीकडे विणलेला माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो आणि आपलं रक्त खवळतं. खवळायलाच हवं. परवा सोलापुरात अक्कलकोट रोडला एका चादरीच्या कारखान्यात बसलो होतो. मालक पोटतिडकीने हेच सांगत होते. शेजारी पोरगा जेकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, मोराचं डिझाईन काढत होता, पिसाऱ्याचा एकेक चौकोन भरत. सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडून फुकट वापरलेलं. परवान्याची सूचना सारखी वर यायची, तो न बघताच बंद करायचा. मालकांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. सवय झालीय आपल्याला, आणि नाव गरिबीचं.

पत्रिकावाली:
नाव गरिबीचं नाही, गरिबीच आहे. लग्नपत्रिका छापून पोट भरते मी. अमेरिकेतल्या पगाराच्या हिशेबाने ठरवलेलं सॉफ्टवेअरचं भाडं दर महिन्याला भरायचं, तर हंगाम संपल्यावर खायचं काय? २००३ साली नव्या पेठेतून आणलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरच्या सीडीवर शिकले, तेव्हा कुठे धंदा उभा राहिला. आणि श्रीलिपी, मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर, मात्र पैसे मोजून घेतली. पुण्याची आहे, भाव रुपयात होता, परवडला. चोरीचीच सवय असती तर तीही फुकट मिळत होती की.

पूर्वभागकर:
ताई, श्रीलिपीचं मान्य. पण बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेचे २०१७ चे आकडे बघा. विनापरवाना सॉफ्टवेअर अमेरिकेत १५ टक्के, जपानात १६, भारतात ५६, चीनमध्ये ६६. चीनचं दरडोई उत्पन्न तेव्हा आपल्या चौपट होतं. नुसत्या गरिबीचा प्रश्न असता तर चीन आपल्या खाली हवा होता.

गणिताचे सर:
आकडे कंपन्यांच्याच संघटनेचे आहेत, जपून वापरा. पण मुद्दा जुना आहे. मॅरन आणि स्टील या अर्थतज्ज्ञांनी २००० साली बऱ्याच देशांची तुलना केली होती. जिथे उत्पन्न जास्त तिथे पायरसी कमी, हे दिसलंच. शिवाय जिथे व्यक्तीच्या हक्काला समूहापेक्षा जास्त मान, जिथे करार आणि न्यायसंस्था भक्कम, तिथेही कमी. म्हणजे तुम्ही दोघंही थोडे थोडे बरोबर. मला संस्थांचा भाग सगळ्यात मोठा वाटतो. आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ब पाहा. पायरेटेड प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरला तर किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. नव्या पेठेत कुणाला हे माहीत आहे?

पत्रिकावाली:
सर, कैदेची भीती घालून माझा दुकानभाडं भरायचा प्रश्न सुटत नाही. आणि पूर्वभागकर, चादरीशी तुलना मला लागली. नकली चादरीमुळे विणकराच्या घरची चूल थंड होते. माझ्या एका कॉपीने त्या कंपनीत कुणाची होते?

पूर्वभागकर:
लागावी म्हणून नव्हती लिहिली, माफ करा. पण त्या पोराचं सॉफ्टवेअरही कुणीतरी पोरानेच रात्र जागून लिहिलेलं असेल ना? इंकस्केप हे डिझाईनचं फुकटचं आणि कायदेशीर सॉफ्टवेअर आहे, ते वापरून बघितलंत का?

पत्रिकावाली:
बघितलं. मागच्या महिन्यात अख्खी पत्रिका त्यावर केली, गणपतीसकट. प्रेसवाला म्हणाला, कोरलची फाइल द्या, हे उघडत नाही. रात्री अकराला परत कोरलवर, माझ्या नेहमीच्या डिझाईन सॉफ्टवेअरवर, काढत बसले.

पूर्वभागकर:
इंकस्केपवरून काढलेली पीडीएफ घेणारा एक प्रेसवाला साखर पेठेत आहे, माझ्या ओळखीचा. उद्या विचारून इथेच लिहितो.