साप निघाला तेव्हा : सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

मृगाच्या दोन सरी पडल्या की प्रत्येक कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अंधुक फोटो येतो आणि खाली प्रश्न, "हा कोणता?" निम्म्यांना त्यात नाग दिसतो, निम्म्यांना धामण, आणि एखादा काका ठामपणे सांगतो की मारून टाका, विषय संपवा. त्यापेक्षा इथे नीट लिहू या. साप कुठे निघाला, किती वाजता, तिथे तो का आला असावा, आणि तुम्ही काय केलंत. डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. नागिणीने बारा वर्षं डूख धरला वगैरे नको, ते सगळ्यांचं ऐकून झालंय.

नवख्यांसाठी एवढंच: आपल्याकडे माणसं दगावतात ती प्रामुख्याने चार सापांमुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. धामण, दिवड, कवड्या, तस्कर, कुकरी, नानेटी, डुरक्या घोणस, मांडूळ हे बिनविषारी. मांजऱ्या आणि हरणटोळ निमविषारी, त्यांच्यापासून माणसाच्या जिवाला धोका नाही. चला, सुरू करा.

विडी घरकुलातून

आमच्या सासूबाई अजून विड्या वळतात. पानं ओल्या पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली असतात, त्यामुळे त्या कोपऱ्यात कायम गारवा. श्रावणात एका रात्री लाइट गेलेली, तेवढ्यात शेजारच्या अक्का "पामू, पामू" करत ओरडल्या. पूर्व भागात राहणाऱ्याला एवढं तेलुगू येतंच. बॅटरी मारून बघितलं तर पोत्यात नाही, भिंतीच्या कोपऱ्यातून वर चढत होता. काळपट तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे. सगळ्यांचं एकमत, मण्यार. गल्लीतली पोरं काठ्या घेऊन हजर. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, माणूस येईपर्यंत कुणी आत जायचं नाही.

सर्पमित्र आले, साप बरणीत घेतला आणि आम्हाला दाखवला. कवड्या होता. पट्टे मानेपासूनच सुरू, पुढच्या अंगावर ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. मण्यारीचं उलट. डोक्यामागे बरंच अंग कोरं, मग पट्टे सुरू होतात, बहुतेक जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. शिवाय कवड्या भिंत सराईतपणे चढतो, पालींच्या मागे येतो. पण जाताना ते जे बोलले ते मला जास्त पटलं. हा फरक साप बरणीत असताना बघायचा. अंधारात पट्टे दिसले की मण्यारच समजायचं आणि लांब राहायचं.

मोहोळ तालुका, शेती

आमचं प्रकरण वाईट झालं होतं. वडील सकाळी जनावरांना टाकायला कडब्याची पेंढी ओढायला गेले. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो आवाज सुटतो तसा आवाज आला म्हणे, पण तोवर हात आत गेला होता. घोणस. हा साप माणूस आला म्हणून पळत नाही, वेटोळं घालून जागेवर बसतो आणि कडब्यात त्याचा रंग दिसतही नाही.

चुलत्यांनी दंडाला दोरी आवळली. एकजण ब्लेड घेऊन आला, त्याला आईनं हाकललं. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सूज उतरेल, घरी न्या म्हणाले. घरी येईपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग १०८ बोलावली आणि सोलापूरला सिव्हिल गाठलं.

तिथं पहिलं काय केलं तर कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन स्टँडला ठेवलं. हलवायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली आणि रक्त सरळ वाहिलं. गोठलंच नव्हतं. मग सलाइनमधून प्रतिविष सुरू केलं, आणि दंडाची दोरी त्यानंतर हळूहळू सोडली. सहा तासांनी परत तीच नळी. लघवी मोजून लिहीत होते, कारण घोणशीचं विष किडनीवर जातं. प्रतिविषाचा एक पैसा लागला नाही. वडील आज रानात हिंडतात, बोट थोडं वाकडं राहिलंय.

आता गंज घरापासून लांब आहे, ओट्यावर रचलेली. पेंढी आधी काठीनं हलवायची, मग हात. गमबूट घातल्याशिवाय वडील मलाच रानात सोडत नाहीत.

निवृत्त परिचारिका, होटगी रोड

घोणस चावली की निदान दुखतं, सुजतं, माणूस धावत येतो. मला भीती मण्यारीची. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, लोक अंगणात सतरंजी टाकून झोपतात. मण्यार रात्रीच फिरते, आणि झोपेत कुशी बदलताना तिच्यावर हात पडला की चावते. डास चावला एवढंही कधी कळत नाही. पहाटे माणूस पोटात कळ आली म्हणून उठतो. सूज नाही, दातांची खूण दिसेलच असं नाही. घरचे म्हणतात रात्रीचं शिळं बाधलं, ओवा द्या.

एका शाळकरी मुलीला अशीच पोटदुखी म्हणून आणली होती. तिला म्हटलं, वर बघ. कपाळाला आठ्या पडल्या, भुवया वर गेल्या, पण पापण्या काही उचलल्या जाईनात. थोड्या वेळात थुंकी गिळता येईना. तिला प्रतिविष दिलं, कृत्रिम श्वासावर ठेवलं आणि ती वाचली. म्हणून सांगते, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, घशात दुखणं, जड पापण्या असं काही सांगत असेल तर ओव्याच्या भानगडीत न पडता दवाखाना.

आणखी एक, पालक नेहमी भांडतात म्हणून. लहान मुलाला प्रतिविष कमी लागत नाही. साप काही वजन बघून विष सोडत नाही, तेव्हा सुरुवातीच्या आठ-दहा कुप्या मोठ्याला तशा मुलालाही. एकच प्रतिविष या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. मेलेल्या सापाचं डोकंसुद्धा चावू शकतं. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर राहू द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, पेशंटला चालवू नका.

आणि मच्छरदाणी. गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली. याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

हैदराबाद रोड

माझा अनुभव चार ओळींचा. स्कूटीच्या हँडलजवळ शेपूट दिसली, सिग्नलला. गाडी सोडून पळालो. मागचे हॉर्न वाजवत होते, त्यांना कारण कळल्यावर तेही पळाले. तस्कर निघाला. मेकॅनिकने पुढचं कव्हर उघडायचे पैसे मात्र पुरते घेतले.

जुळे सोलापूर, रो हाऊस आणि मागे बाग

आमच्या बागेत साप येणं नित्याचं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. प्लॉट पडला तेव्हा आजूबाजूला माळच होता. आपण त्याच्या जागेत आलोय वगैरे मी बोलणार नाही, साप माझ्या भावनांसाठी येत नाही. तो उंदीर, बेडूक, पाल आणि गारवा यांसाठी येतो. हे चार हिशोब बघितले की निम्मी भीती कमी होते.

उंदीर आमच्याकडे कशाने वाढले? पक्ष्यांसाठी ठेवलेल्या बाजरी-ज्वारीने. चिमण्या खातात त्याच्या दुप्पट खाली सांडतं. रात्री उंदीर, आणि त्यांच्या मागे धामण. मोठी, पिवळसर, भर दुपारी जास्वंदीखालून निघून कंपाउंडच्या भोकात गेली. मी दाणे बंद केले नाहीत, पण ताट टांगलं आणि खाली पत्रा ठेवला. संध्याकाळी पत्रा झाडून घेते. घुशींची बिळं विटांच्या चुऱ्याने आणि सिमेंटने बुजवली.

गारव्याचं ठिकाण म्हणजे कूलर. खिडकीबाहेर स्टँडवर कूलर, त्यातून ठिबकणारं पाणी, खाली ओल आणि कुंड्यांची गर्दी. उन्हाळ्यात संपूर्ण आवारात तेवढाच थंड कोपरा. तिथे एकदा नाग बसला होता. फणा काढला नव्हता, नुसता पडून होता, खरं तर फार आरामात होता. आम्ही दार लावलं, खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवली आणि फोन केला. नजर ठेवणं फार गरजेचं असतं. माणूस येईपर्यंत साप कुठे गेला हे सांगता आलं नाही तर मग रात्रभर झोप नाही. आता कूलरखाली कुंडी ठेवत नाही आणि पाण्याला पाइप लावून तो थेट अळूच्या वाफ्यात सोडलाय.

खताच्या खड्ड्यात हात घालू नका, खुरपं किंवा फावडं वापरा. ऊब असते म्हणून साप तिथे अंडी घालतात. आम्हाला पांढरी, मऊ सालीची अंडी एकाला एक चिकटलेली सापडली होती. पक्ष्यांपासून वाचवायला वेलींवर नायलॉनची जाळी टाकत असाल तर ती जमिनीपासून वर बांधा. धामण अडकून तिचं अंग कापलं गेलेलं मी पाहिलंय.

फिनेल, रॉकेल, लसूण, हिंग, कार्बोलिक पावडर. सगळं शेजाऱ्यांनी टाकून झालं. वास माणसांनाच येत राहिला. उपयोग झाला तो दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, मोरीला बारीक जाळी आणि बाहेरच्या चपला आपटून घालणं याचा. रातराणीच्या वासाने साप येतो म्हणतात. वासाने येत नाही, पण झाड दाट झालं की खाली लपायला जागा होते. मी रातराणी ठेवली आहे, खालून वीतभर छाटते.

अक्कलकोट रोड, यंत्रमाग

कारखान्यात सुताच्या बाचक्यांमागे रात्रपाळीला नाग निघाला. फोनवर एक स्वतःला सर्पमित्र म्हणवणारा आला. सोबत दोन पोरं, एकाच्या हातात मोबाइल. साप पकडून झाल्यावर याचा कार्यक्रम सुरू. गळ्यात घे, फण्यापुढे तोंड ने, कामगारांना हात लाव म्हण. मालकांनी झापलं तेव्हा गेला. जाताना पेट्रोलच्या नावाने हजार रुपये मागितले.

दुसऱ्या खेपेला वनखात्याला फोन केला. त्यांनी पाठवलेल्याकडे लांब हुक आणि नळी लावलेली पिशवी होती. सापाच्या अंगाला त्याने हातही लावला नाही. सगळं मिळून पाच मिनिटांत आटोपलं.

*(धागाकर्ता : वनखात्याची हेल्पलाइन १९२६. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि साप पाळणं, खेळवणं, मारणं त्यात येतं. मांडुळाला दोन तोंडं असतात, लाखो रुपये मिळतात असं सांगणारा भेटला तर लांब राहा. त्याची शेपूट आखूड आणि बोथट असते, बास.)*

बाळीवेस

आमच्याकडे नागपंचमीला तवा चढत नाही, विळीला हात लावायचा नाही, म्हणून उकडलेली दिंडं. आजी वारुळाला लाह्या वाहायची, पण दूध कधी ओतलं नाही. गारुड्याच्या टोपलीतला साप दूध पितो तो उपाशी, तहानलेला असतो म्हणून, आणि त्याचे दात काढलेले असतात, हे तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. गारुडी दारात आला की पैसे देऊन म्हणायची, जा बाबा, त्याला रानात सोड. तो सोडत नसणार, हे तिलाही माहीत होतं.

सैफुल, नवीन सदस्य

प्रश्न विचारला तर चालेल ना? आज सकाळी बागेत नळाजवळ कात सापडली. जवळपास चार फूट. बाई कामाला यायला तयार नाही. कात बघून साप कोणता ते कळतं का?

*(धागाकर्ता : बऱ्याचदा कळतं. एक तर साप चार फुटांचा नाही, कात निघताना ताणली जाते, त्यापेक्षा थोडा लहान धरा. कात टाकू नका, पसरून दोन फोटो काढा. एक पाठीचा मधला भाग, जवळून. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. दुसरा शेपटीचा, खालच्या बाजूने. तिथले खवले एकसंध आहेत की जोडीने, ते दिसलं पाहिजे. डोकं शाबूत असेल तर तेही. आणि नळाजवळ फरशीखाली बीळ आहे का ते लांबूनच बघा, हात घालू नका. फोटो टाका, मग बाईंना काय सांगायचं ते ठरवू.)*